फुर्मिंट : राजदरबारी गाजलेलं आंबट द्राक्ष

शार्डोने बहुतेकांनी ऐकलेलं असतं. सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां ही नावं तर नाशिकच्या बाटल्यांवरच वाचायला मिळतात. फुर्मिंट मात्र आपल्याकडे फारसं कुणाच्या कानावरून गेलेलं नसतं. तरीही फ्रान्सचा चौदावा लुई, रशियाचे झार आणि इंग्लंडची व्हिक्टोरिया राणी यांच्या पेल्यांत जी सोनेरी वाइन ओतली जायची, ती प्रामुख्यानं याच पांढऱ्या द्राक्षाची. हंगेरीच्या ईशान्य कोपऱ्यात, तोकाय नावाच्या डोंगराळ पट्ट्यात हे द्राक्ष पिकतं. पट्ट्याचं नाव जगभर झालं, वाइनचं झालं, पण द्राक्ष बिचारं पडद्याआडच राहिलं.

तोकायची वाइन गाजली ती गोडीसाठी. मला विचाराल तर तिचा खरा नायक आंबटपणा आहे आणि तो आणतं फुर्मिंट. पुढच्या सगळ्या गमतीजमती वाचताना ही एक गोष्ट ध्यानात ठेवा.

आईचं नाव गुए

मध्ययुगीन युरोपात गुए ब्लां नावाचं एक द्राक्ष होतं. पीक भरघोस, चव बेताची. उमरावांनी त्याला हलकं ठरवलं, काही ठिकाणी त्याच्या लागवडीवर बंदीसुद्धा घातली. चांगल्या उतारावर उमरावांचं पिनो आणि खालच्या सपाट जमिनीवर शेतकऱ्यांचं गुए, अशी वाटणी असायची. बागा शेजारी शेजारी, त्यामुळे परागकण इकडून तिकडे जायचे. त्यातून काय झालं, हे जगाला 1999 मध्ये कळलं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या आणि फ्रान्सच्या संशोधकांनी डीएनए तपासला, तर शार्डोने हे पिनो आणि गुए यांचंच अपत्य निघालं! रीझलिंगच्या आईबापांतही गुए आहे. आणि फुर्मिंटचंही गुएशी थेट रक्ताचं नातं जुळलं. म्हणजे जगातलं सर्वांत प्रसिद्ध पांढरं द्राक्ष आणि आपलं हे अनोळखी फुर्मिंट सावत्र भावंडं आहेत.

फुर्मिंटची पुढची पिढीही तोकायमध्येच नांदते. तिथलं दुसऱ्या क्रमांकाचं द्राक्ष हार्शलेव्हेल्यू, हे फुर्मिंटचंच लेकरू. तोकायच्या वाइनसाठी आज फक्त सहा जातींना परवानगी आहे. त्यांत निम्म्याहून जास्त क्षेत्र एकट्या फुर्मिंटचं.

बुरशी हवी, पण वेळेवर

नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला बुरशीचं नावही नको असतं. भुरी, डाऊनी, कूज, आणि त्यांच्यापायी होणारा फवारण्यांचा खर्च. फळ काढायला आलं असताना अवकाळी पाऊस झाला तर वर्षभराचे कष्ट मातीत जातात. तोकायचा शेतकरी मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरात बागेत फिरून बुरशी आली का, हे पाहतो आणि ती दिसली की खूश होतो.

बुरशीचं शास्त्रीय नाव बोट्रायटिस सिनेरिया. तोकाय गावाशी तिसा आणि बोद्रोग या दोन नद्यांचा संगम आहे. शरदात पहाटे नदीवरून धुकं चढतं आणि बागा ओल्या होतात, बुरशी वाढते. दुपारी ऊन पडतं, वारा सुटतो, बुरशी आवरते. हे रोज घडावं लागतं. बुरशीचे बारीक तंतू मण्याच्या सालीला सुईसारखी भोकं पाडतात. त्यांतून आतलं पाणी उडून जातं. मणी सुरकुततो, तपकिरी-जांभळा होतो आणि आतली साखर, आंबटपणा, सुवास सगळं आटून घट्ट होतं. धुक्यानंतर ऊन न पडता पाऊसच लागून राहिला, तर हीच बुरशी घडच्या घड सडवून टाकते. एकच जीव, पण हवेनुसार त्याचे परिणाम पार उलटे.

इथे फुर्मिंटची कमाल कळते. हे द्राक्ष उशिरा पिकतं, म्हणजे धुक्याच्या दिवसांतही वेलीवर असतं. त्याची साल सुरुवातीला जाड असते आणि पिकता पिकता पातळ, जवळजवळ पारदर्शक होत जाते. बुरशीला शिरायला याहून सोयीची साल नाही. आणि साखर कितीही चढली तरी त्याचा आंबटपणा टिकून राहतो. तोकायच्या डोंगरांखाली विझलेले ज्वालामुखी आहेत, जमीन राखेच्या दगडाची आणि कुठे कुठे पिवळसर मऊ मातीची. हंगेरीत इतरत्रही द्राक्षं होतात, पण नदीचं धुकं, ही जमीन आणि हे द्राक्ष असा जोड एकत्र आला तो इथेच.

एका हौद्याला तीन दिवस

सुकलेल्या या मण्यांना तिथे ‘ऑसू’ म्हणतात आणि त्यांच्यापासूनच्या वाइनलाही ऑसूच. घड तोडायचा नाही, त्यातले नेमके सुकलेले मणी हातानं एकेक वेचायचे. सगळे मणी एकदम तयार होत नाहीत, म्हणून त्याच वेलीकडे आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा पुन्हा यायचं. नोव्हेंबरपर्यंत हे चालतं. एका माणसाच्या हाताला दिवसाकाठी जेमतेम आठ-दहा किलो मणी लागतात.

पूर्वी हे मणी पाठीवरच्या लाकडी हौद्यात साठवत. हौद्याचं नाव पुत्तोन्य, त्यात साधारण 25 किलो माल बसायचा. म्हणजे एक हौदा भरायला एका माणसाचे अडीच-तीन दिवस. ग्योन्त्स या गावात बनणारं पिंप 136 लिटरचं असायचं. त्या पिंपभर रसात किंवा ताज्या वाइनमध्ये किती हौदे मणी भिजवले, त्यावर वाइनचा दर्जा ठरायचा: तीन, चार, पाच, सहा. सहा हौदे म्हणजे 136 लिटरला तब्बल 150 किलो सुके मणी! बाटलीवर आजही ‘6 पुत्तोन्योश’ असं लिहिलेलं दिसतं. हौदे आता कुणी मोजत नाही, लिटरमागची साखर मोजतात. 2013 मध्ये नियम कडक झाले, तीन आणि चार हौद्यांचे दर्जे बाद केले गेले. आता ऑसू म्हणवून घ्यायला लिटरमागे किमान 120 ग्रॅम नैसर्गिक साखर लागते, सहाच्या दर्जाला 150.

आकडा कळायला सोपं उदाहरण: बाटलीबंद कोलात लिटरमागे सुमारे 106 ग्रॅम साखर असते. म्हणजे ऑसू कोलाहून गोड. तरी ती जिभेवर चिकटून बसत नाही, घशाशी येत नाही. गूळ कितीही घातला तरी चिंचेचा कोळ नेमका पडला की आमटी गुळमट होत नाही, तसंच इथे फुर्मिंटचा आंबटपणा साखरेला सांभाळून घेतो. याच आंबटपणामुळे चांगली ऑसू शंभर वर्षंही टिकते. निव्वळ गोड वाइनला ते जमलं नसतं.

चमच्यानं प्यायची वाइन

सुके मणी भांड्यात साठवले की त्यांच्याच वजनानं तळाशी थेंब थेंब रस गळतो. दाबायचं नाही, पिळायचं नाही. या रसाला एसेन्सिया म्हणतात. लिटरमागे साखर किमान 450 ग्रॅम, अनेकदा त्याहून बरीच जास्त. इतक्या साखरेत यीस्टलाही धड जगता येत नाही, त्यामुळे हा रस वर्षानुवर्षं संथपणे आंबत राहतो आणि मद्यार्क चार-पाच टक्क्यांच्या पुढे क्वचितच जातो. तो पेल्यात ओतत नाहीत, काचेच्या चमच्यानं चाखतात. जुन्या काळी मरणासन्न राजांच्या ओठांवर एसेन्सिया सोडत, अशा कथा आहेत. राजे त्यानं उठून बसले की नाही, ते कथांवर सोडू. जिभेवर मात्र एसेन्सियाचा एक चमचा बराच वेळ रेंगाळतो.

पाद्री आणि तुर्क

तोकायमध्ये कुणालाही विचारा, ऑसूच्या जन्माची एक कथा ऐकायला मिळेल. 1630 च्या सुमाराची. झुझाना लोरान्त्फी या सरदार घराण्यातल्या स्त्रीचे धर्मगुरू सेप्शी लात्स्को माते बागेची देखभाल करायचे. तुर्कांच्या स्वारीची हूल उठली म्हणून तोडणी लांबली. लोक परतले तोवर मणी सुकून बुरशी चढलेली. फेकून द्यायच्या ऐवजी पाद्रीबोवांनी त्यांचीच वाइन केली आणि ती ईस्टरला मालकिणीला दिली.

कथा छान आहे, पण खरी नसावी. कारण त्याच्या कितीतरी आधीच्या, 1571 च्या, मालमत्तेच्या कागदात ऑसू वाइनची नोंद सापडली आहे आणि 1590 मध्ये छापलेल्या एका शब्दसंग्रहातही तिचा उल्लेख आहे. म्हणजे पाद्रीबोवांच्या जन्माच्या आसपासच लोक ही वाइन करून मोकळे झाले होते! मला तरी हा पुरावा कथेहून जास्त रंजक वाटतो. एका माणसाला एका हंगामात लागलेला हा शोध नाही. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी सडकं-सुकलेलं फळ वाया जाऊ न देता त्यातून काढलेला मार्ग आहे.

राजे, झार आणि 972 बाटल्या

ट्रान्सिल्व्हेनियाचा राजपुत्र फेरेन्त्स राकोत्सी दुसरा हॅब्सबर्ग सत्तेविरुद्ध लढत होता. त्याला फ्रान्सचा पाठिंबा हवा होता. त्यानं चौदाव्या लुईला तोकायची वाइन भेट पाठवली. ‘राजांची वाइन आणि वाइनचा राजा’ हे बिरुद लुईनंच दिलं, असं म्हणतात. पाठिंबा पुरेसा मिळाला नाही, राकोत्सीचं बंड फसलं आणि त्याचा शेवट परागंदा अवस्थेत तुर्कस्तानात झाला. बिरुद मात्र बाटलीला कायमचं चिकटलं.

रशियाच्या दरबाराला या वाइनची इतकी ओढ होती, की 18व्या शतकात त्यांनी तोकाय गावात स्वतःची खरेदी मंडळी मुक्कामी ठेवली. चांगल्या वर्षाचा माल निवडायचा, पिंपं भरायची आणि सेंट पीटर्सबर्गला रवाना करायची. वाटेत लूट होऊ नये म्हणून सोबत कोसॅक घोडेस्वार असत.

व्हिक्टोरिया राणीची गोष्ट आकड्यांची. ऑस्ट्रिया-हंगेरीचा सम्राट फ्रान्झ जोझेफ तिला वाढदिवसाला तोकायच्या बाटल्या पाठवायचा. ती जितके महिने जगली तितक्या, असा प्रघात सांगतात. 1900 मध्ये तिला 81 वर्षं पूर्ण झाली, तेव्हा हिशेबानं भरल्या 972 बाटल्या. त्यानंतर ती आणखी एकही वाढदिवस पाहू शकली नाही.

कवी-संगीतकारही मागे नव्हते. शूबर्टनं 1815 मध्ये तोकायच्या स्तुतीचं एक गाणं संगीतबद्ध केलं. ग्योथेच्या ‘फाउस्ट’मध्ये लायप्झिगच्या तळघरात सैतान चक्क टेबलाला भोकं पाडून वाइन काढतो, त्यात एकाला तोकाय मिळते. आणि हंगेरीचं राष्ट्रगीत ज्या 1823 च्या कवितेतून आलं, त्या फेरेन्त्स केल्चेईच्या कवितेत तोकायच्या द्राक्षवेली आहेत. राष्ट्रगीताच्या कवितेत द्राक्षबाग असलेला देश!

पण या वाइनला दूरदूर पोचवलं ते व्यापाऱ्यांनी, आणि त्यांत ज्यू व्यापाऱ्यांचा वाटा फार मोठा होता. तोकाय ते पोलंड हा त्यांचा जुना मार्ग. पट्ट्याच्या मध्यावरच्या माद या गावात त्यांनी 18व्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं देखणं प्रार्थनामंदिर आज जीर्णोद्धार होऊन उभं आहे. त्यात प्रार्थना करणारी वस्ती मात्र उरली नाही. 1944 मध्ये या गावांतल्या ज्यूंना ऑश्वित्झला नेलं गेलं. तोकायचा इतिहास सांगताना राजांची नावं सगळे घेतात. ही माणसंही त्या इतिहासात तितक्याच हक्कानं यायला हवीत.

नावावरून भांडण

प्रसिद्ध नाव कुणाला नको असतं? फ्रान्सच्या अल्सासमध्ये पिनो ग्रीला ‘तोके’ म्हणत. इटलीच्या फ्रिउलीत एका वेगळ्याच द्राक्षाला ‘तोकाई’. ऑस्ट्रेलियातही एक गोड वाइन ‘टोके’ नावानं विकली जायची. यांपैकी एकातही फुर्मिंटचा थेंब नाही.

अल्सासची समजूत अशी, की लाझारूस फॉन श्वेन्दी या सेनापतीनं 16व्या शतकात तोकायचा किल्ला जिंकला आणि येताना वेली आणल्या. कोल्मार शहरात त्याचा पुतळा आहे, हातात द्राक्षवेल उंच धरलेला. तो घडवला बार्तोल्दीनं, न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या शिल्पकारानं! पुतळा सुंदर आहे, पण पिनो ग्री तोकायमधून आलेलं नाही.

हंगेरीनं 1993 मध्ये युरोपीय समुदायाशी करार केला आणि 2007 पासून फ्रान्स-इटलीला हे नाव सोडावं लागलं. फ्रिउलीचे शेतकरी युरोपीय न्यायालयापर्यंत लढले, हरले आणि त्यांचं द्राक्ष आता ‘फ्रिउलानो’ झालं. हंगेरीचा हक्क रास्तच होता. तोकायच्या गावांची अधिकृत यादी शाही फर्मानानं 1737 मध्येच ठरली होती. बोर्दोची सुप्रसिद्ध प्रतवारी 1855 ची, म्हणजे शंभराहून जास्त वर्षांनंतरची.

फुर्मिंटची स्वतःची तऱ्हा उलटी. त्याचं नाव कुणी चोरलं नाही, पण सीमा ओलांडली की ते नावच बदलतं: स्लोव्हेनियात शिपोन, क्रोएशियात मोस्लावाच आणि पुशिपेल.

वाइन देऊन विकत घेतलेलं स्वातंत्र्य

ऑस्ट्रियात नॉयझीडल सरोवराकाठी रुस्ट नावाचं चिमुकलं गाव आहे. इथेही सरोवराचं धुकं, इथेही तीच बुरशी आणि इथल्या गोड वाइनमध्येही फुर्मिंटची परंपरा. 1681 मध्ये गावकऱ्यांनी सम्राट लिओपोल्डला 60,000 सुवर्णनाणी आणि 500 घागरी, म्हणजे सुमारे 30,000 लिटर वाइन दिली आणि बदल्यात स्वतंत्र शाही शहराचा दर्जा घेतला. जहागीरदाराची मध्यस्थी संपली. रुस्टचे लोक हे आजही अभिमानानं सांगतात आणि त्यांनी सांगावंच.

काळ्या मखमलीची तळघरं

तोकायची तळघरं डोंगराच्या दगडात हातानं खोदलेली आहेत. ठेंगणी, वळणदार, मैलोन्‌मैल. आतलं तापमान वर्षभर 10-12 अंशांच्या आसपास आणि हवा दमट. भिंतींवर काळी, मऊ, दाट बुरशी पसरलेली असते. ही बागेतली बुरशी नव्हे, दुसरी. पिंपांतून उडणाऱ्या मद्यार्काच्या वाफेवर ती जगते. पाहुणे त्या मऊ भिंतीत नाणं दाबतात, ते तिथेच रुतून बसतं. हेर्त्सेगकूत गावात तर टेकडीच्या उतारावर तळघरांची त्रिकोणी दगडी तोंडं ओळीनं मांडलेली आहेत. 2002 मध्ये या सगळ्या पट्ट्याला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला.

साखर उतरवल्यावर

1880 च्या दशकात फायलोक्झेरा या मुळांवरच्या किडीनं बागा ओसाड केल्या. त्यातून सावरेपर्यंत दोन महायुद्धं आणि मग साम्यवादी राजवट. जमिनी सरकारजमा झाल्या. चढ-उताराच्या उत्तम बागा यंत्र चालत नाही म्हणून पडीक राहिल्या आणि सपाटीवर ढिगानं पीक काढून सोव्हिएत संघाला पाठवलं जाऊ लागलं. 1989 नंतर दार उघडलं. ब्रिटिश वाइनलेखक ह्यू जॉन्सन भागीदारीत उतरला, फ्रान्सची आक्सा ही विमा कंपनी आली, स्पेनची नामवंत वाइन कंपनी वेगा सिसिलिया आली.

तरीही खरी कलाटणी दिली ती माद गावच्या इश्तवान सेप्शीनं. उराग्या या बागेतल्या फुर्मिंटची 2000 सालची त्याची वाइन साखरेविना, पूर्ण कोरडी होती. तोवर कोरडं फुर्मिंट म्हणजे बुरशी न आलेल्या वर्षाचा उरलेला माल, अशी समजूत होती. बुरशी काही दरवर्षी मनासारखी येत नाही, त्यामुळे शेतकऱ्याच्या पोटाचाही हा प्रश्न होता. सेप्शीच्या वाटेनं इतर गेले आणि आज एकेका बागेच्या नावानं कोरडं फुर्मिंट बाटलीबंद होतं.

माझं मत विचाराल तर फुर्मिंट खऱ्या अर्थानं कळतं ते इथेच. हिरवं सफरचंद, नाशपाती, लिंबाची साल, थोडा धूर, शेवटी किंचित खारट झाक आणि अख्खी जीभ जागी करणारा आंबटपणा. दोन बागा शेजारच्या असल्या तरी त्यांच्या वाइन वेगळ्या लागतात, कारण हे द्राक्ष जमिनीचा फरक लपवत नाही.

बाटली हाती लागली तर

लेबलवर ‘साराझ’ असेल तर ती कोरडी, ‘एदेश’ असेल तर गोड. ‘सामोरोद्नी’ असेल तर सुके आणि ताजे मणी वेगळे न करता अख्खे घड एकत्र वापरलेत. ही ऑसूहून स्वस्त असते आणि कोरड्या वाइन व ऑसू यांच्या मधली चव चाखायला उत्तम. ऑसूची बाटली बहुधा अर्ध्या लिटरची, पारदर्शक काचेची; आतल्या रंगावरून वय साधारण ओळखता येतं, सोनेरी म्हणजे तरुण, तांबूस पिंगट म्हणजे जुनी.

ऑसू फार गोड मिठाईबरोबर घेऊ नका, दोन्हींची चव मारली जाते. निळ्या बुरशीच्या खारट चीजबरोबर ती खुलते. कोरडं फुर्मिंट तळलेल्या माशाबरोबर मजा आणतं, कारण तेलकटपणा ते एका घोटात धुऊन काढतं. 10-12 अंशांइतकं गार पुरे. बर्फगार केलं तर सुवास दबतो.

बुडापेस्टला जायचा योग असेल तर फेब्रुवारी निवडा. थंडी कडक असते, पण तो महिना तिथे फुर्मिंटचा म्हणून साजरा होतो आणि अनेक उत्पादकांच्या वाइन एका छताखाली शेजारी शेजारी ठेवून चाखता येतात. सुरुवात कोरड्यापासून करा, ऑसू शेवटी.